न ओरडता घातलेलं विरजण

टुफ्ते, १४ जानेवारी २०१८

सिव्हर्ट,

पाकिटावरचं अक्षर माझं दिसलं असतं तर तू हे न फोडताच चुलीत टाकलं असतंस. म्हणून पत्ता ओस्मुंडकडून लिहून घेतला. हो, शेजारच्या लीदचाच ओस्मुंड. त्याची लेक तुमच्या किर्केनेसच्या दवाखान्यात नर्स आहे, तुझ्या गुडघ्याची पट्टी तिनंच बांधली म्हणे. आणि हो, लीदच्या माणसांशी आता बोलतो आम्ही. बाबा गेले, त्याचा बापही गेला, ते भांडणही त्यांच्याबरोबर गेलं.

आता मुद्द्याचं. मी चौथी आले.

ऑक्टोबरात इथे घरच्या बिअरची स्पर्धा भरते, शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये. सत्तावीस जण होते. त्यात बायका दोन, आणि दुसरी नवऱ्याबरोबर आलेली. बर्गनहून ती दाढीवाली पोरं येतात ना, चकचकीत स्टीलची भांडी आणि मोबाइलवर तापमान सांगणारी यंत्रं घेऊन, ती सगळी माझ्यामागे. मी आपली आजीच्या तांब्याच्या हंड्यावर आणि बाबांच्या लाकडी पिंपावर. पन्नासपैकी एकोणचाळीस गुण. चार वर्षांपूर्वी अकरावी होते, मग नववी, मग सातवी. परीक्षकांचे कागद मी फ्रिजवर लावून ठेवलेत. पहिल्या वर्षी लिहिलं होतं, ‘ज्युनिपर कडवट.’ आठवडाभर धुसफुसले, मग लक्षात आलं की आपण जाड, तपकिरी फांद्या तोडत होतो. आता करंगळीएवढ्या हिरव्या फांद्याच तोडते, आणि त्याही ओढ्याच्या बाजूच्या. दुसऱ्या वर्षी लिहिलं, ‘पातळ.’ तर मोड आणलेले जव वाढवले आणि पहिला रस इतका सावकाश गाळला की वाट बघता बघता एक मोजा विणून झाला. हे सगळं मी एकटीनं शिकले, सिव्हर्ट. बाबांनी मला पिंपाला हात लावू दिला असता तर वीस वर्षं आधी शिकले असते.

यंदापासून जुन्या घराण्यांच्या, बिअर आंबवायच्या विरजणाचा वेगळा गट करताहेत. ज्या घरात विरजण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यांचाच. बाटलीवर घराचं नाव. तिथं मला टुफ्ते हे नाव पहिलं हवंय.

त्यासाठी तुझ्याकडचं कडं पाहिजे. माळ्यावरच्या खिळ्याला टांगलेलं असायचं ते, सोळा लाकडी मण्यांचं, ज्याच्या खाचांत आजोबांच्या वेळेपासूनचं विरजण वाळलेलं आहे. जाताना तू ते नेलंस. अर्धं पाठव. आपलं बरणीतलं विरजण अलीकडे थकल्यासारखं झालंय, एवढंच.

आणि ते बाबांच्या दफनाच्या बिअरचं मी केव्हाच मनातून काढून टाकलंय. विरजण घालताना छाती फुटेस्तोवर ओरडायचं, तरच ते जागं होतं, हे आपल्या दरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तू ओरडला नाहीस. असो. आपला बाप आत पेटीत होता, तुझ्या तोंडून आवाज निघाला नसेल. मी समजू शकते.

योरुन


टुफ्ते, ८ एप्रिल

सिव्हर्ट,

उत्तर नाही. ठीक आहे. तू लहानपणीही मासा गळाला लागला की आधी गप्प बसायचास.

हिवाळ्यात मी तीनदा बिअर केली. पहिल्यांदा सगळे जव आल्डरच्या लाकडाच्या धुरावर वाळवले, तर ओस्मुंडनं एक घोट घेतला आणि म्हणाला, “योरुन, ही प्यायची की हिच्यात मासे लटकवायचे?” दुसऱ्या खेपेला चौथाईच धुरावर वाळवले. तिसऱ्या खेपेला आठवा हिस्सा, आणि ती जमली. अशी जमली की मी स्वतःच स्वतःला म्हटलं, बाई, तू कुठे होतीस इतकी वर्षं!

म्हातारा रास्मुस आठवतो ना? पंच्याऐंशी पूर्ण झाली त्याला. स्पर्धेत मुख्य परीक्षक अजून तोच, नाक कुत्र्यासारखं तिखट. त्याच्या वाढदिवसाला बिअर माझ्याकडून गेली. सगळ्या दरीतून माझ्याकडूनच मागवली, लक्षात घे. त्यानं पेला हुंगला, प्यायला, ओठ पुसले आणि चार माणसांत म्हणाला, “झकास आहे गं. थेट लीदची.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, “तुमचं नाक म्हातारं झालं, रास्मुस. ही टुफ्तेची आहे.”

“दुधाळ वास आहे हिला. टुफ्तेच्या बिअरला संत्र्याच्या सालीचा वास यायचा.”

शेजारी ओस्मुंड उभा होता. तो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, “टुफ्तेचीच आहे. दोन्ही घरांना पाणी एकाच ओढ्याचं, म्हणून सारखी लागते.”

बघ. खुद्द लीदचा माणूस सांगतोय. तरी त्या म्हाताऱ्याचं तोंड बंद करायला कडं हवंच आहे. अर्धं नको असेल तर चार मणी दे.

योरुन


टुफ्ते, २३ जून

सिव्हर्ट,

तुझं कार्ड मिळालं. एकोणीस वर्षांनी बहिणीला लिहायचं आणि काय, तर जहाजाच्या चित्रामागे एक ओळ! ‘कडं कशाला हवंय ते खरं लिही.’

खरं म्हणजे काय? मी खोटारडी आहे? बरं, ऐक. आपलं विरजण गेलं. २०१० च्या हिवाळ्यात पडवीत बरणी गोठली आणि तडकली. लाजेनं आधी लिहिलं नाही. तेव्हापासून दुसऱ्याचं वापरते. झालं समाधान?

आज उन्हाळ्याच्या मध्याचा सण, रात्री खाली फ्योर्डच्या खाडीकाठी मोठी शेकोटी पेटवतील. माझी एक पिंपभर बिअर तिकडे गेलीय. दोन माणसं मागे घरापर्यंत आली, अजून आहे का विचारायला. ते तुझ्या कार्डावर लिहिण्यासारखं आहे.

योरुन


टुफ्ते, १९ ऑगस्ट

सिव्हर्ट,

बरणी गोठली नव्हती.

स्पर्धेचा अर्ज भरायला बसले होते. गट, जुन्या घराण्यांचं विरजण. खाली ओळ, ‘विरजण कोणत्या घरचं.’ मी टुफ्ते लिहिलं. ओस्मुंड समोर बसला होता, त्याचाही अर्ज भरायचा होता आणि त्याचा चष्मा घरी राहिला होता. त्याच्या अर्जावर मी लीद लिहिलं. एकाच पेनानं, एकाच टेबलावर दोन नावं, आणि विरजण एकच. त्यानं वाकून दोन्ही बघितली. मी वाट बघत होते की आता बोलेल. तो म्हणाला, “लिही टुफ्ते. माझं काय जातं?”

सिव्हर्ट, तो शिव्या देता तर बरं झालं असतं. एकोणीस वर्षं हा माणूस चार लोकांत माझ्यासाठी बुटांकडे बघत खोटं बोलतोय आणि मी ते माझं कौतुक समजून मिरवतेय. मी टुफ्ते खोडलं. लीद लिहिलं. त्या गटात एकाच घराच्या दोन बिअर चालत नाहीत, म्हणून अर्ज मागे घेतला. आता साध्या गटात आहे.

तर आता खरं ऐक.

त्या गुरुवारी, बाबांच्या दफनाची बिअर करताना, तू म्हणालास, “ओतायचं तू. तुझा हात हलका आहे. मी ओरडतो.” आपल्या घरात बाईनं विरजण ओतलेलं नव्हतं कधी. काका दारात उभे, शेजारपाजारचे पडवीत. तुझ्यामुळे मी पुढे आले, हे मला माहीत होतं. रस धारोष्ण दुधाइतका निवला की विरजण घालायचं, आणि ते करंगळी बुडवून बघायचं. पण बाबा शेवटी शेवटी बोट बुडवत नसत. नुसती वाफ बघून ओतायचे. मला वाटलं, एवढ्या माणसांत मी बोट बुडवलं तर म्हणतील, शिकाऊ आहे. म्हणून मीही वाफेकडे बघितलं, बाबांसारखी मान हलवली आणि ओतलं. सगळी बरणी ओतली, मागे चमचाभरही न ठेवता.

हातावर वाफ आली तेव्हाच कळलं. ती धारोष्ण नव्हती. चहा करता आला असता तिच्यावर.

तू ओरडला नाहीस. मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दोन दिवस पिंपावर कान ठेवून बसले. फसफस नाही, फेस नाही. मंगळवारी दफनाला लोक बाबांच्या नावानं आंबूस गोड पाणी प्याले. काकांनी सगळ्यांसमोर तुला म्हटलं, “बापाला भांडी धुतलेल्या पाण्यावर वाटेला लावलंस. एक आरोळी ठोकायची होती, तीही जमली नाही तुला.” मी दोन हातांच्या अंतरावर वाळवलेल्या मांसाचं ताट धरून उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. ताट घेऊन मी पुढच्या टेबलाकडे गेले.

तू शनिवारी गेलास, कडं घेऊन. मग घरात विरजणच उरलं नाही. ईस्टरच्या आधी मी शालीखाली बरणी लपवून लीदला गेले. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते मी अक्षरशः केलंय. ओस्मुंडनं काही विचारलं नाही. बरणी भरून दिली आणि म्हणाला, “झाकण सैल ठेव, नाहीतर उडेल.”

माझी बिअर चांगली आहे, सिव्हर्ट. ते मागे घेत नाही. जव माझे, धूर माझा, ज्युनिपर माझा, हात माझा. पण ज्या चुकीचं खापर तुझ्यावर फुटलं, ती चूकही माझीच. कडं पाठवू नकोस, हक्क नाही माझा.

योरुन


टुफ्ते, १६ सप्टेंबर

सिव्हर्ट,

मंगळवारी टपालवाल्यानं खोकं दिलं. वर तुझं अक्षर. मी ते ओट्यावर ठेवलं आणि आधी गायी बघून आले, एवढी भीती वाटली.

पंधरा मणी. मी मोजले. नंतर तुझी चिठ्ठी वाचली. तू एक ठेवून घेतलायस. ठेव, तुझाच आहे.

चिठ्ठी चारदा वाचली. पहिल्या तीनदा तुझा राग आला. ‘वाफ मी पाहिली होती. तू बोट बुडवलं नाहीस, तेही पाहिलं. मेलेल्याला हाक मारून काय करायचं, म्हणून ओरडलो नाही. दफनानंतर चार दिवस थांबलो, तू काही बोलतेस का बघायला.’

म्हणजे तुला माहीत होतं. काकांसमोर मान खाली घालून उभा होतास, तेव्हाही माहीत होतं. माझ्या जागी तू असतास तर मी त्याच क्षणी तुझं नाव घेतलं असतं, हे तुला सांगून ठेवते. तू नाही घेतलंस. मी फार रडले. आता पुढचं ऐक, रडण्यापेक्षा ते महत्त्वाचं आहे.

कड्याला काही वास नव्हता. जुन्या लाकडाचा येतो तेवढाच. ओस्मुंडला बोलावलं. त्यानं मणी नखानं खरवडून बघितला, म्हणाला, “एकोणीस वर्षं. माझ्या आजोबांचं बारा वर्षांनी उठलं होतं. एकोणीसचं मी ऐकलं नाही.” मी पाच मणी वाटीभर कोमट पाण्यात भिजवले, बाकीचे पुन्हा टांगले, त्याच खिळ्याला. छोटा हंडा, निवडक जव, कोवळी फांदी. रस निवायला ठेवला आणि करंगळी बुडवली. परत बुडवली. ओस्मुंड म्हणाला, “आता हात कापून टाकशील का त्यात? ओत.”

ओतलं. आणि ओरडले, सिव्हर्ट. आयुष्यात पहिल्यांदा. आवाज मध्येच फाटला. मेंढ्या कुंपणापर्यंत पळाल्या. ओस्मुंड म्हणाला, “काय गं, शेळी अडकली का तारेत?”

पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. मी मनात तुला पत्रसुद्धा लिहून ठेवलं, की मेलं ते, दोनदा मेलं माझ्या हातून. तिसऱ्या दिवशी गायींचं दूध काढून आले, तर पडवीत वास. दारातच थांबले. संत्र्याची साल. झाकण उचललं तर चार बोटं फेस, खालून बुडबुडे असे घाईनं येताहेत की कोणीतरी उशीर झाला म्हणून पळत सुटलंय.

ते जिवंत आहे, सिव्हर्ट. आजोबांचं, बाबांचं. तू किर्केनेसच्या थंडीत एकोणीस वर्षं सांभाळलंस, आणि मी उठवलं.

स्पर्धेला सहा आठवडे आहेत. आयोजकांना फोन करून विचारलं, गट बदलता येईल का. फोनवरची मुलगी म्हणाली, “अहो, तुम्हीच तर मागे घेतला होता अर्ज. मग आता विरजण कोणत्या घरचं लिहू?”

मी म्हटलं, “टुफ्ते. आणि मोठ्या अक्षरात लिही.”

योरुन


टुफ्ते, २८ ऑक्टोबर

प्रिय सिव्हर्ट,

दुसरी आले. पन्नासपैकी चव्वेचाळीस. ओस्मुंड पहिला, पंचेचाळीस. एका गुणानं. जन्मभर ऐकवणार आहे तो मला.

बाटल्यांवर नुसते आकडे असतात, नावं शेवटी उघडतात. रास्मुस टेबलाशी बसून एकेक पेला हुंगत होता. सात नंबरला पोचला, हुंगलं, प्यायला आणि पेन्सिल खाली ठेवली. बाकीचे दोघे परीक्षक लिहिताहेत, हा लिहीतच नाही. परत प्यायला. मग नियम मोडून मोठ्यानं म्हणाला, “टुफ्तेच्या म्हाताऱ्याचं कोण आलंय इथे?”

मी मागच्या बाकावर होते, हात वर करता येईना. बाबा गेल्यापासून ती चव त्या माणसाच्या जिभेवर पडली नव्हती. एका घोटात ओळखलं त्यानं. त्याचा कागद तुझ्यासाठी मुद्दाम उतरवून पाठवते आहे. ‘किंचित उतावळी. अजून एक आठवडा हवा होता. पण तीच.’ मूळ कागद देणार नाही, तो फ्रिजवर आहे. बाकीचे सगळे काढून टाकले.

बक्षीस घ्यायला बोलावलं तेव्हा विरजणाबद्दल दोन शब्द सांगायचे असतात. मी घरून बोलून बोलून आले होते, पिढ्या, कडं वगैरे. माइक हातात आला आणि समोर पहिल्या रांगेत काका दिसले. ब्याण्णव वर्षांचे, कानाला यंत्र. मी म्हटलं, “यंत्राचा आवाज वाढवा काका, तुमच्यासाठीच आहे हे.” आणि सांगितलं. बोट बुडवलं नाही. गरम रसात ओतलं. विरजण मी मारलं. माझ्या भावानं ते पाहिलं आणि मला सांभाळायला तो गप्प राहिला. त्याच्या न ओरडण्यानं बाबांची बिअर नासली नव्हती. आणि मधली एकोणीस वर्षं मी लीदच्या विरजणावर नाव कमावलं, ज्याच्या मालकानं कधी ब्र काढला नाही.

ओस्मुंड नेहमीप्रमाणे बुटांकडे बघत होता. मग रास्मुस म्हणाला, “बरं झालं बोललीस. ती बिअर मी दोन पेले प्यालो होतो. अजून पोटात आहे.” हॉल फुटला हसून. काका हसले नाहीत. नंतर दाराशी आले, माझा दंड धरला आणि विचारलं, “त्या पोराचा पत्ता आहे का तुझ्याकडे?” मी लिहून दिलाय. त्यांचं पत्र आलं तर चुलीत टाकू नकोस.

तुला वाटेल, मान खाली घालून घरी आले असेन. नाही. इतकी ताठ मी अकरावी आल्यापासून चौथी येईपर्यंत कधी चालले नव्हते. मेडल दोन दिवस गळ्यात होतं. गायींचं दूध काढतानाही.

या बिअरच्या तळाशी बसलेलं विरजण काढून त्यात मी नवं कडं भिजवून वाळवलंय. बर्चचं लाकूड, ओस्मुंडनं कोरून दिलं, सोळा मणी. या पाकिटात त्यातले आठ आहेत. विरजण दोन घरी असलेलं बरं, हे आता मला कोणी शिकवायला नको. जुनं कडं, ते पाच मणी परत ओवून, खिळ्यालाच आहे, पंधरा मण्यांचं. सोळाव्याची जागा दिसते.

नाताळची बिअर आठ डिसेंबरला लावते. शनिवार आहे, रस दुपारपर्यंत निवेल. तुझ्याकडून विमान आहे, मी विचारून ठेवलंय, फ्लोर्यो विमानतळावर ओस्मुंड गाडी घेऊन येईल. तुझी मी क्षमा मागत बसणार नाही, ते या सगळ्या कागदांत लिहून झालंय. ओतायला मी आहे, करंगळी बुडवून. पण माझा आवाज ऐकून मेंढ्या पळतात, आणि हे विरजण एकोणीस वर्षं तुझ्या घरी होतं. ते तुझ्याच आवाजाला उठेल.

थांबते मी. तू ओरडल्याशिवाय ओतणार नाही.

तुझी,
योरुन